आधी ‘व्हय’ घेऊन या

आमच्या सरांशी भांडणं अशक्य होतं. तुमच्या बाजूचं भांडण ते आधी स्वतःच करून टाकायचे, आणि तुमच्यापेक्षा चांगलं करायचे. मग तुमच्याकडे बोलण्यासारखं काही उरायचंच नाही. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. त्या दारात तांदूळ निवडता निवडता शेजारणीला सांगायच्या, "ह्यांच्याशी संसार करणं सोपंय हो, पण भांडणाची हौस म्हणून भागत नाही. मी नुसतं ‘तुम्ही ना...’ म्हणते की हे सुरू. ‘तुझं म्हणणं असं, की मी कालही भाजी आणायला विसरलो, तू दिवसभर दमलेली असतेस, आणि मी विसरण्याची ही काही पहिली वेळ नाही.’ आता ह्याच्यापुढं मी काय बोलायचं?"

हे सर सातवीला आम्हाला मराठी शिकवायला होते. साल दोन हजारच्या थोडं पुढचं. गाव केंदूर-पाबळच्या अंगाचं. नाव सांगत नाही, कारण माझं माहेर अजून तिथंच आहे आणि मला दिवाळीला जायचं असतं. शाळा एका संस्थेची, आणि संस्था म्हणजे आबा. कागदावर संस्थेला उपाध्यक्ष, सचिव, सभासद असं सगळं होतं. मिटिंगला ते सगळे येत, आबा काय म्हणतात ते ऐकत, आणि चहा घेऊन घरी जात.

त्या काळात नवा मास्तर एकदम मास्तर होत नसे. आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. काम मास्तराचं, पगाराला मानधन म्हणायचं, आणि मानधनात घर चालवून दाखवायचं. तीन वर्षं सुरळीत गेली आणि संस्थेनं चांगलं लिहिलं, की माणूस ‘कायम’. आमच्याकडे मुलगी दाखवायच्या आधीसुद्धा "मुलगा कायम हाय का?" असं विचारत, पुढची चौकशी त्या उत्तरावर. सरांचं तिसरं वर्ष चालू होतं. कायम झालं की दौंडहून आईला घेऊन यायचं, एवढा एकच बेत काकू सारखा बोलून दाखवायच्या.

सर यायच्या आधी आमचे निबंध फार सुखाचे होते. गाईडमध्ये ‘विज्ञान : शाप की वरदान’ असायचा. वरदान भरपूर, शाप थोडासा, आणि शेवटी ‘हे सर्व वापरणाऱ्यावर अवलंबून आहे.’ हे शेवटचं वाक्य आम्ही कशालाही लावायचो. वर्गातल्या एकीनं ते ‘माझी आई’ या निबंधाला लावलं होतं आणि तिला त्यात चांगले मार्क पडले होते.

सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं, ‘गृहपाठ असावा की नसावा?’ आम्ही एकमुखानं नसावा लिहिलं. सरांनी सगळ्या वह्या वाचल्या आणि म्हणाले, "पटलं. पण मला आधीच पटलेलं होतं. मला पटवून तुमचा काय फायदा? ज्यांना गृहपाठ द्यावासा वाटतो ते काय म्हणतात?"

मागून एक जण म्हणाला, "ते म्हनत्यात, गृहपाठ न्हाई दिला तर पोरं उकिरडं फुकत हिंडत्यात."

"हे त्यांचं म्हणणं नाही," सर म्हणाले. "ही तू त्यांची नक्कल केलीस. जा, गणिताच्या बाईंकडे जा, त्यांना विचार, लिहून काढ, आणि त्यांना वाचून दाखव. त्या ‘असं नाही रे म्हणायचं मला’ म्हणाल्या तर पुन्हा लिही. त्या ‘हो, अगदी असंच’ म्हणेपर्यंत लिही. मग आपण ‘तरीपण’ म्हणू, आणि आपलं मांडू."

पुस्तकी भाषेत याला दावा आणि प्रतिदावा म्हणतात, हे त्यांनी फळ्यावर लिहूनही दिलं. पण आमच्याकडे दावा म्हटलं की शिरूरचं कोर्ट आणि बांधाची भानगड. निम्म्या वर्गाला वाटलं, सर शाळा सुटल्यावर वकिली करत असणार. पुढं एकदा त्यांनी ‘पूर्वपक्ष’ असा जुना शब्द लिहिला, समोरच्याचं म्हणणं आधी मांडणं या अर्थाचा. तो घरी गेल्यावर कुणाच्या आईनं पितृपक्षाचं काहीतरी असेल म्हणून ऐकून घेतलं, आणि कुणाच्या वडिलांनी विचारलं, "ह्यो कंचा नवा पक्ष काढला मास्तरनं?" शेवटी सरांनी पुस्तकी शब्द सोडून दिले. गावात ‘हो, अगदी असंच’ कुणी म्हणत नाही, ‘व्हय’ म्हणतात. म्हणून आमच्या वर्गात त्या कामाचं नावच ‘व्हय घेणं’ असं पडलं. कुठलाही विषय काढला की सर हात वर करायचे. "आधी व्हय घेऊन या."

हा व्हय मिळवणं सोपं नव्हतं. "व्हय बाबा, जा आता, कामं पडल्यात" हा सरांना चालत नसे. "व्हय, पर..." हाही नाही. माणसानं हातातलं काम थांबवून, मान हलवून, "व्हय. आसंच" म्हटलं पाहिजे. ते खरंच तसं म्हणाले का, हे तपासायला सर आमच्याकडून नक्कल करून घ्यायचे. "म्हणून दाखव. कसे म्हणाले?" आम्ही वर्गात उभं राहून कुणाच्या चुलत्यासारखं, कुणाच्या आजीसारखं व्हय म्हणायचो. सर डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, "हा टाळायचा व्हय आहे. परत जा." असं करत वर्षभरात आम्ही गावभर हिंडलो. पिठाच्या गिरणीवाल्यापासून देशी दारूच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांचं म्हणणं आम्ही त्यांच्या तोंडावर वाचून दाखवलं. दारूबंदीच्या निबंधाला दुकानदारानं दिलेले मुद्दे इतके बळकट निघाले, की आमचं ‘तरीपण’ लिहायला दोन तास लागले. तो दुकानदार मात्र पुढं कितीतरी दिवस आम्हाला रस्त्यात थांबवून विचारायचा, "माजा धडा कवा हाय पुस्तकात?"

सर मूळचे दौंडचे. वडील रेल्वेत होते आणि लहानपण रुळांच्या आवाजात गेलेलं, त्यामुळे की काय ते सामान्य माणसापेक्षा मोठ्यानं बोलायचे. एकदा कुणीतरी विचारलं, "सर, दुसऱ्याचंच एवढं मांडलं, तर आपलं मागं न्हाई का पडणार?" सर खूश झाले. म्हणाले, "मनमाडकडून पुण्याला येणारी गाडी दौंडला थांबते. तिथं इंजिन पुढून काढतात आणि मागच्या बाजूला लावतात. गाडी उलट्या तोंडानं निघते. नवखा माणूस घाबरतो, गाडी परत चालली म्हणतो. शेजारचा दौंडकर सांगतो, बसा हो, पुण्यालाच चाललीय." आमच्या वर्गातल्या कुणी तोवर रेल्वे पाहिलेली नव्हती, पण उदाहरण सगळ्यांना पटलं. काही दिवस पोरं दप्तर उलट्या बाजूनं पाठीला लावून फिरली.

गावात खोली मिळवतानाही त्यांनी हेच केलं होतं. आमच्या आळीतल्या एका मामांची खोली रिकामी होती. मामांनी पहिला प्रश्न विचारला, "आडनाव काय आपलं?" सरांनी आडनाव सांगितलं. त्यावरून कळायचं ते मामांना कळलं, आणि ते आभाळाकडं बघत म्हणाले, "खोलीचं जरा भावाला इचारावं लागंल." भाऊ पिंपरीला राहायचा आणि त्याचा त्या खोलीशी काही संबंध नव्हता. सर म्हणाले, "मामा, तुमची अडचण मी मांडू का?" आणि मांडली. घरात जुन्या वळणाची आई. उद्या आळीतले म्हणणार, यांनी कुणाला घरात घेतलं. नाही म्हणावं तर समोर शाळेचा मास्तर. हो म्हणावं तर भावकी. आणि मनातून माणूस सरळ, त्यामुळे खोटं कारण सांगताना जीभ अडखळते ती वेगळीच. मामा ऐकत राहिले. शेवटी खाली बघून म्हणाले, "व्हय."

"तरीपण," सर म्हणाले, "मला खोली हवी आहे." मामांनी आत जाऊन किल्ली आणली. त्या जुन्या वळणाच्या आईनं महिन्याभरात काकूंना कैरीचं लोणचं घालायला बोलावलं, आणि आळीतले दोन दिवस बोलून गप्प बसले.

अर्थात प्रत्येक ठिकाणी हे जमायचं असं नाही. शिरूरच्या बाजारात सरांबरोबर जायला काकू तयार नसत. भाजीवालीनं भाव सांगितला की सर म्हणायचे, "तुमचंही खरं आहे मावशी. पहाटे उठून यायचं, टेम्पोचं भाडं, उन्हानं कोथिंबीर माना टाकते, आणि गिऱ्हाईक वर घासाघीस करतं." मावशीला गहिवरून यायचं आणि ती भाव वाढवायची. सरांचं ‘तरीपण’ पिशवीतच राहायचं.

तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तर फारच फजिती झाली, आणि ती माझीच. आमची शाळा दरवर्षी ढाल आणायची. ढाल आणायची पद्धत ठरलेली होती: हेडसर भाषण लिहून देत, मुलं ते पाठ करत, आणि कुठल्या वाक्याला उजवा हात वर आणि कुठल्या वाक्याला मूठ, हेसुद्धा कागदाच्या कडेला लिहिलेलं असे. त्या वर्षी मला सरांनी तयार केलं. विषय टीव्हीचा, आणि मला टीव्हीच्या विरोधात बोलायचं होतं. माझ्या आधीच्या मुलानं टीव्हीला असुर, राक्षस आणि भस्मासुर म्हणून घेतलं. मी उठले आणि टीव्ही किती उपयोगाचा आहे ते सांगायला लागले. आमच्या घराशेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या आजीला त्यातून सगळं जग कसं दिसतं, हेही सांगितलं. लोक ऐकत होते. परीक्षकांपैकी एक जण तर मान हलवत होते. मी श्वास घेऊन "तरीपण" म्हटलं आणि घंटी वाजली.

परीक्षकांनी नंतर जाहीरपणे सांगितलं, की या मुलीचं भाषण छान होतं, फक्त ती कोणत्या बाजूनं बोलतेय हे तिला माहीत नव्हतं. ढाल गेली. परतीच्या जीपमध्ये हेडसर पुढच्या सीटवर जाऊन बसले. सर मला हळूच म्हणाले, "मान हलवणारे परीक्षक टीव्हीच्या बाजूचे होते. त्यांचा व्हय आला होता तुला." मला त्या वेळी सरांचा इतका राग आला होता, की मी खिडकीबाहेर बघत बसले.

मी आता सणसवाडीला एका कंपनीच्या ऑफिसात आहे. कामगार आणि मॅनेजमेंट यांच्या बैठकीत मला बसावं लागतं, आणि सवयीनं मी आधी कामगारांचं म्हणणं नीट मांडते. साहेब प्रत्येक वेळी विचारतात, "मॅडम, आप किसकी तरफ से हो?" कामगार म्हणतात, "म्याडम आपल्या हायेत." दोघंही चुकतात आणि बैठक पुढं जाते.

तर, गाळ्यांची गोष्ट. सणसवाडीच्या बाजूला कंपन्या वाढल्या, रस्त्यानं वर्दळ वाढली, तसं आबांच्या मनात आलं, की शाळेच्या मैदानाची रस्त्याकडची पट्टी घेऊन दुकानांचे गाळे बांधावेत. भाडं शाळेला मिळेल. गावात दुसरी पार्टी आप्पांची. आबा आणि आप्पा दोघंही एकाच राजकीय पक्षात होते, दोघांच्या घरात एकाच पुढाऱ्याचा फोटो होता. भांडण सोसायटीच्या निवडणुकीचं आणि त्याआधीचं काहीतरी होतं. आबा गाळे म्हणाले म्हणून आप्पा मैदान म्हणाले. सगळ्या गावात तोच विषय. एवढा ताजा विषय सर सोडतात काय! त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘मैदानावर गाळे व्हावेत की नाही?’

आबांचा नातू आमच्याच वर्गात होता. तो अर्थातच गाळ्यांच्या बाजूचा. गाळ्यांच्या बाजूचा, म्हणून सरांच्या नियमानं त्यानं मैदानवाल्यांचा व्हय आणायचा. तो बिचारा वही घेऊन थेट आप्पांच्या ओट्यावर गेला. आप्पांनी आधी त्याला हाकललंच. मग कुतूहलानं बसवून घेतलं. पोरं कुठं खेळायची, जत्रेच्या कुस्त्या कुठं व्हायच्या, आणि गाळे शेवटी कुणाच्या मेव्हण्याला मिळणार, असं सगळं आप्पांनी सांगितलं. नातवानं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. पहिल्यांदा आप्पा म्हणाले, "न्हाई, मेव्हण्याचं नीट न्हाई आलं." त्यानं पुन्हा लिहिलं. दुसऱ्या वेळी आप्पांनी मांडीवर हात मारला. "व्हय. आसंच!" आणि घरातून पेढा मागवून त्याला दिला.

हे सगळं भर चौकात, एसटी थांब्याच्या समोर. संध्याकाळपर्यंत गावात झालं, की आबांचा नातू आप्पांच्या पार्टीत गेला. कुणी म्हणालं, त्यानं आप्पांच्या ओट्यावर भाषण केलं. कुणी म्हणालं, त्याला पेढा भरवला. पेढ्याचं खरं होतं, त्यामुळे बाकीचंही खरं ठरलं. पार्टी बदलायचं वय बारा वर्षं असावं का, हा प्रश्न कुणाला पडला नाही. त्यानं त्यानंतर लिहिलेला निबंध गाळ्यांच्या बाजूनंच होता, आणि आबांना स्वतःला सुचला नसता इतका चांगला होता. तो वर्गाबाहेर कुणी वाचला नाही. गाळे पुढं झालेच. आता तिथं एक मोबाईलचं दुकान आहे, एक चिकन सेंटर आहे आणि एक गाळा आबांच्या मेव्हण्याकडं आहे.

त्या पेढ्यानंतर आठवड्याच्या आत संस्थेची मिटिंग लागली. सरांना कायम करायचं की नाही, हे तीत ठरायचं होतं. मिटिंग आमच्याच वर्गात ठेवली, कारण चालू पंखा तिथंच होता. आम्ही खिडकीखाली बसलो. शिपाईमामांनी आम्हाला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

हेडसरांनी तक्रारी वाचल्या. शाळेत राजकारण आणणे. पूर्वपक्ष नावाच्या पक्षाची शिकवण देणे. ढाल घालवणे. मुले घरी ‘तुमचं बरोबर आहे, तरीपण’ असे म्हणून उलट बोलतात. हे शेवटचं वाचल्यावर दोन सभासदांनी एकदम मान हलवली. त्यांच्या घरी आमच्याच वर्गातली पोरं होती.

आबा म्हणाले, "सर, तुमी शिकल्यालं मानूस. तुमचं काय म्हननं हाय त्ये सांगा. ऐकून घेतल्याबिगर आमी काय ठरवनार न्हाई."

सर उभे राहिले. खिडकीखाली माझ्या शेजारी बसलेल्या नातवानं माझा हात घट्ट धरला. सर म्हणाले, "आधी तुमची तक्रार मी नीट मांडतो."

आणि त्यांनी मांडली. हेडसरांपेक्षा किती तरी चांगली. आबांनी माळावर शाळा उभी केली तेव्हा लोक हसले होते. घरचं काम टाकून त्यांनी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या. त्या शाळेत कालचा आलेला एक मास्तर, आईबापांना न विचारता, पोरांना घरोघर पाठवतो. गावाच्या जुन्या जखमा त्याला माहीत नाहीत, आणि तो त्यांवर बोट ठेवतो. आपल्या रक्ताचं पोर दुसऱ्याच्या ओट्यावर दिसलं की चारचौघांत मान खाली जाते. ही मान मी खाली घालायला लावली, सर म्हणाले. नव्या माणसानं आधी गाव समजून घ्यायला हवं होतं.

एक सभासद म्हणाला, "व्हय." दुसरा म्हणाला, "आक्षी खरं." आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उपरण्यानं डोळे पुसले. एवढ्या वर्षांत त्यांचं म्हणणं इतकं नीट कुणी मांडलं नव्हतं. मग ते म्हणाले, "व्हय. आसंच."

"मग झालं की!" सचिव म्हणाले. "सर सोताच कबूल हायेत. आता काय राह्यलं?"

हेडसरांनी विचारलं, "सेवा समाधानकारक नाही, असं लिहू?"

"लिवा," आबा म्हणाले.

"मंजूर?"

"मंजूर." बाकं सरकली. पाबळला कुणाचा तरी साखरपुडा होता आणि सगळ्यांना तिकडं जायचं होतं. सर अजून उभेच होते. त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "तरीपण..." तोवर शिपाईमामा पंखा बंद करत होते.

मला आजही त्या मिटिंगची आठवण झाली की संताप येतो, आणि थोडा सरांचाही येतो. अरे, स्वतःची नोकरी असताना तरी आधी आपलं बोलावं माणसानं! पण ते त्यांना येतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गावर आले. महिनाअखेरपर्यंत त्यांना यायचंच होतं. आमची तोंडं उतरलेली. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, ‘सरांना कमी केलं, हे बरोबर की चूक?’

"चूक!" सगळा वर्ग ओरडला.

"आधी व्हय घेऊन या," सर म्हणाले.

नातू उठून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "मी न्हाई लिवनार आबांचं. मी आबांशी बोलतबी न्हाई."

"मग तू कशाबद्दल बोलत नाहीस, ते त्यांना कळणार कसं?" सरांनी विचारलं. नातू खाली बसला. आम्ही सगळ्यांनी मिळून आबांची बाजू लिहिली. मिटिंगमध्ये ऐकलेली होतीच, त्यामुळे अवघड गेलं नाही. लिहिताना दोन मुली रडत होत्या, आणि सर त्यांना म्हणत होते, "रडा, पण ‘मान खाली गेली’ हे वाक्य गाळू नका. त्यांचं खरं दुखणं ते आहे."

शाळा सुटल्यावर सगळा वर्ग आबांच्या दारात. आबा जीप काढायच्या तयारीत होते. पोरं पाहून ओट्यावर टेकले. बोलायचं काम माझ्याकडं आलं. मी आबांची बाजू सांगितली. आबा ऐकत गेले, मध्येच आत हाक मारली, "आगं, ऐक ही पोर काय म्हनतीय." संपल्यावर ते म्हणाले, "व्हय. आसंच. शाब्बास!" आणि चपला घालायला उठले.

मी म्हणाले, "आबा, बसा. निम्मंच झालंय."

आबांशी असं कुणी बोलत नसे. ते उभेच राहिले. दारातून नातवाची आजी म्हणाली, "बसा की हो. तिनं तुमचं बैजवार सांगितलं. आता तिचं ऐका."

आबा बसले. मी म्हणाले, "तरीपण आबा, सरांनी तुमच्या नातवाला आप्पांचं ऐकायला पाठवलं हुतं, आप्पांचा व्हायला न्हाई. आप्पांचं ऐकून तो परत आला, आन् त्यानं निबंध गाळ्यांच्याच बाजूनं लिवला. तुमची मान खाली गेली ती लोकांनी अर्धंच बघितलं म्हनून. आन् मिटिंगमधी तुमीबी सरांचं अर्धंच ऐकलं."

आबांनी नातवाकडं बघितलं. "खरं का रं? गाळ्यांच्या बाजूनं?"

"व्हय," नातू म्हणाला. कालच्या मिटिंगनंतर आजोबांशी बोललेला तो त्याचा पहिला शब्द.

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग ते म्हणाले, "बराबर हाय तुमचं, पोरांनू. मास्तर चांगला हाय. पोरगं बोलाय शिकलं, ह्ये मलाबी दिसतंय. तरीपन ठराव झालाय. आता मागं घेतला, तर आप्पा गावभर सांगंल, आबा पोरांम्होरं वाकला." ते उठले, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

आम्ही सरांच्या खोलीवर गेलो. काकू भांडी पोत्यात बांधत होत्या. सरांनी पुस्तकांची ट्रंक ओढून दाराशी आणली होती. मी घडलं ते सगळं सांगितलं. सर एकदम थांबले.

"आधी ‘बरोबर आहे’ म्हणाले?"

"व्हय."

"तुमची बाजूही सांगितली? मास्तर चांगला आहे, पोरगं बोलायला शिकलं, हे ते स्वतः म्हणाले? आणि मग ‘तरीपण’?"

"व्हय, सर."

"म्हणून दाखव."

मी आबांसारखं म्हणून दाखवलं. सर ट्रंकेवर बसले आणि त्यांचा चेहरा इतका उजळला, की मला वाटलं ठराव रद्द झालाय आणि मलाच ते कळलेलं नाही. "अगं ऐकलंस का," त्यांनी काकूंना हाक मारली, "आबा तरीपण म्हणाले! आधी पोरांचं सगळं मांडलं, आणि मग तरीपण! ह्या गावात आजवर कुणी..." काकूंनी त्यांच्याकडं बघितलं, पोत्याचं तोंड सुतळीनं करकचून आवळलं, आणि आत गेल्या.

नातू रडायला लागला, मग आम्ही सगळेच. सरांना ते बघवेना. ते आम्हाला समजावू लागले. आबांना ठराव मागं का घेता येत नाही. एवढ्या वयाला, एवढ्या मोठ्या माणसाला, स्वतःचा शब्द फिरवणं किती जड जातं. ज्या गावात दोन पार्ट्या आहेत तिथं वाकणं आणि हरणं यांत लोक फरक करत नाहीत. सगळं मुद्देसूद, शांतपणे, कुठंही आवाज न चढवता त्यांनी मांडलं. आबा तिथं असते तर त्यांनी पुन्हा डोळे पुसले असते. मग सर थांबले आणि सवयीनं एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिले.

आम्हाला आबांची बाजू समजली होती. आम्हाला ती नको होती. आम्हाला सर हवे होते. आमच्यातल्या एकानंही व्हय म्हटलं नाही.